न काढलेल्या चित्राबद्दल

फ्लॉरेन्स,
रविवार, रात्री

ती. आप्पांस व आईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. कंदी पेढे जरा कडक झालेत, पण मेतकुटाची पुडी शाबूत आहे. आई, स्वेटर घालते, काळजी करू नकोस.

आप्पा, बाकीचं पत्र तुमच्यासाठी. परवा इथल्या उफिझी कलादालनात गेले होते. बोत्तिचेल्लीचं नाव काढलं की सगळी गर्दी ‘व्हीनसचा जन्म’पाशी. मी मात्र त्याच्याच एका लहान चित्रापुढे अर्धा तास उभी होते. लाकडी फळीवर टेम्परा रंगांत, जेमतेम दोन फूट बाय तीन. नाव मराठीत करायचं तर ‘अपेलीसची चहाडी’. अपेलीस हा सिकंदराच्या काळचा ग्रीक चित्रकार. त्याच्या हातचं आज काहीच उरलेलं नाही. इ. स. दुसऱ्या शतकात ल्युशियन नावाच्या लेखकानं त्याच्या एका चित्राचं वर्णन लिहून ठेवलं, आणि ते वाचून बोत्तिचेल्लीनं 1495 च्या सुमारास हे रंगवलं. मधली तेराशे वर्षं ते चित्र होतं, पण फक्त वाचायला!

मला तिथंच हसू आलं. ही तर तुमची एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका. ‘आठवडी बाजार काढा, दोन-तीन माणसं हवीत.’ ल्युशियनचा पेपर जरा अवघड, कारण माणसं दहा. गाढवाच्या कानांचा राजा, त्याच्या दोन्ही कानांशी लागलेल्या अज्ञान आणि शंका, हातात मशाल घेऊन एका पोराला केसांना धरून फरपटत आणणारी चहाडी, तिची वेणीफणी करणाऱ्या दोघी, मागं काळ्या फाटक्या वस्त्रातला पश्चात्ताप वळून सत्याकडं बघतोय. बोत्तिचेल्लीनं सगळं काढलंय, वर पदरचा भलाथोरला दरबार, कोनाड्या-कोनाड्यात पुतळे. ल्युशियननं दरबाराबद्दल अक्षरही लिहिलेलं नाही. तुम्ही लाल पेन्सिलीनं शेरा मारला असता, ‘पार्श्वभूमी जास्त, विषय कमी’.

खरं सांगू? वर्णन मी आधी ट्राममध्ये वाचलं होतं, तेव्हा जास्त आवडलं. त्यात मत्सर हा पांढराफटक, भेदक नजरेचा, लांबच्या दुखण्यातून उठल्यासारखा माणूस आहे. वाचताना मला आपल्या गल्लीतलं कोण दिसलं ते लिहीत नाही, आई रागावेल. फळीवर मात्र तो कुणीतरी इटालियन निघाला.

मग शाकुंतलाचा सहावा अंक आठवला. दुष्यंतानं शकुंतलेचं चित्र काढलंय, पण ते पुरं नाही. अजून काय काढायचंय ते तो विदूषकाला सांगतो. मालिनी नदी, वाळूत हंसांची जोडी, हिमालयाच्या पायथ्याला बसलेली हरणं, फांद्यांवर वल्कलं वाळत घातलेलं झाड, आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. डावाच! इतकं नेमकं सांगतो आणि त्यातलं काही काढायच्या आत राणी येतेय असं कळतं, विदूषक फलक घेऊन पळतो. नदी राहिली ती राहिलीच. तरी ती हरिणी मला या दरबारापेक्षा स्वच्छ दिसते.

औंधच्या म्युझियममधून परतताना तुम्ही एसटीत आम्हाला डोळे मिटून रविवर्म्याचं चित्र सांगायला लावायचात. दादा रंग सांगायचा, मी दागिने. आता तुमची पाळी. ते माहुलीचं चित्र, जे तुम्ही जेवताना सांगायचात: कृष्णा-वेण्णेच्या संगमावर पहाटेचं धुकं, ओल्या पायऱ्या, शेवटच्या पायरीवर पाठमोरी बाई, कमरेवर पितळी कळशी. रिटायर झाल्यावर काढतो म्हणालात, आणि नंतर हात थरथरायला लागला.

काढू नका, आप्पा. लिहून काढा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, नाहीतर तुम्ही सांगा आणि आई लिहून घेईल. धुकं कुठल्या रंगाचं, देवळाचं शिखर दिसतं की नाही, बाईच्या लुगड्याचे काठ, सगळं हवंय.

फक्त कळशी भरलेली की रिकामी, ते लिहू नका. दादा भरलेली म्हणतो, मी रिकामी. फोनवर भांडायला आम्हाला काहीतरी राहू द्या.

तुमची,
धाकटी