आभार : रस्त्याकडेच्या अनाम पंक्चरवाल्यांचे

गावाबाहेरच्या रस्त्यालगत बसून पंक्चर काढून देणाऱ्या, ज्यांची नावे कुठेही नोंदली गेली नाहीत अशा सर्व कारागिरांचे मी मनापासून आभार मानतो. या व्यवसायाचे मूळ मला लोहाराच्या भात्यापाशी दिसते : लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे, म्हणजे ती आकसून चाक घट्ट आवळते. हवेच्या चाकाचे पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी ती कल्पना पुन्हा आणली. १८९१ मध्ये मिशलँ बंधूंनी सायकलचा सहज काढता येणारा टायर तयार केल्यावर वाटेतली दुरुस्ती सोपी झाली.

ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुड्यांवरून छिद्र शोधायचे, ती जागा घासून खरखरीत करायची, सोल्यूशन पुरते सुकू द्यायचे आणि मगच ठिगळ दाबायचे. समोरचे गिऱ्हाईक कितीही घाईत असले तरी हा क्रम न मोडणाऱ्या कारागिरांविषयी मला नितांत आदर वाटतो. एका संध्याकाळी टायरच्या आतून बोट फिरवून रुतलेला काटा ज्यांनी मला काढून दिला, त्यांचे नाव विचारायचे राहिले. हे आभार त्यांच्यापर्यंत पोहोचावेत.