लोकांनाच उत्तर देऊ दे

प्रिय बाळा,

परवा फोनवर तुझा आवाज अगदी पडलेला होता. एवढी तयारी करून सर्पदंशावर मीटिंग घेतलीस, ग्रामपंचायतीत प्रोजेक्टर लावलास, लोक जांभया देत बसले आणि त्याच आठवड्यात त्याच गावातल्या एका बाईला आधी मांत्रिकाकडे नेलं. नशीब ती वाचली. तू म्हणालास, "आई, या लोकांना समजतच नाही." हे काही मला पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय, जेवण झाल्यावर निवांत वाच.

तू पाठवलेली पीपीटी मी पूर्ण बघितली. माझी सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे नर्स म्हणून गेली, त्यामुळे त्यातलं मला बरंचसं कळतं, आणि चुकीचं त्यात काहीच नाही. पण पहिल्याच स्लाईडवर न्यूरोटॉक्सिक, हिमोटॉक्सिक, पुढे प्रतिविषाचे डोस. अरे, हे तुझ्या परीक्षकांना आवडेल. दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईला त्यात स्वतःचं घर कुठं दिसतं? एखादी गोष्ट आपल्याला पक्की माहीत झाली की ती माहीत नसताना आपण कसे होतो हे आठवतच नाही, आणि हुशार माणसाला तर मुळीच नाही.

आपण अमरावतीकडचे, म्हणून मला अशा वेळी गाडगेबाबाच आठवतात. जन्म शेंडगावचा, १८७६ चा, शाळेचं तोंड पाहिलं नाही, अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर, हातात खराटा. गावात आले की आधी रस्ते झाडायचे, हळूहळू गावकरी पण झाडायला लागायचे, आणि मग रात्री कीर्तन. म्हणजे स्वच्छतेवर बोलायच्या आधी अर्ध्या गावाचे हात धुळीनं भरलेले असायचे, आता अशा माणसाला कोण म्हणणार की तुम्ही नुसतं बोलता?

आणि कीर्तन तरी कसं, तर सगळे प्रश्नच. देव किती? लोक म्हणणार, एक. तुमच्या गावात खंडोबा आहे का? आहे. मग किती झाले? दोन. भैरोबा आहे? आहे. झाले तीन. असं करत करत लोकांनाच आपल्या हिशोबाचं हसू यायचं. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते, तर बाबा म्हणायचे लढाईत एवढ्या बोटी समुद्रात बुडाल्या, घाला पूजा आणि त्यातली एक तरी वर काढून दाखवा. यात "तुम्ही अडाणी आहात" हे कुठंच नाही बघ. शेवटचा निष्कर्ष ते स्वतः बोलायचेच नाहीत, तो लोकांच्या तोंडून यायचा, आणि स्वतःच्या तोंडून निघालेली गोष्ट माणूस सहसा नाकारत नाही. माझ्या मते सगळी ताकद तिथंच आहे.

दुसरं म्हणजे ते मोघम बोलायचे नाहीत. शिक्षण महत्त्वाचं आहे असं कुणीही सांगतं. बाबा सांगायचे, पैसे नसतील तर जेवायचं ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, लुगडं कमी भावाचं घ्या, पण पोराला शाळेत घाला. ताट, भाकरी, लुगडं, ऐकणाऱ्याला आपलं घरच समोर दिसतं. त्यांचं अखेरचं कीर्तन १९५६ साली मुंबईत झालं, त्याचं रेकॉर्डिंग आहे, जमलं तर ऐकच. शब्दांपेक्षा प्रश्न विचारल्यावर ते लोकांना उत्तर द्यायला किती जागा देतात त्याकडे लक्ष दे.

आता तुझं. पुढच्या वेळी प्रोजेक्टर नेऊच नकोस. विचार, रात्री जमिनीवर कोण कोण झोपतं? हात वर होतील. मग मण्यार सापाचं सांग, ती रात्री चावते, बऱ्याचदा दुखत पण नाही, माणूस झोपूनच राहतो, पहाटे पोट दुखतं, पापण्या वर उचलत नाहीत, थुंकी गिळता येत नाही. मग विचार की खाटेवर झोपलं, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली, तर मण्यार येईल का आत? त्यांनाच बोलू दे.

मांत्रिकाचं पण असंच. त्याला शिव्या दिल्यास की अख्खं गाव त्याच्या बाजूनं उभं राहील. विचार, शेतात दिसणारे सगळे साप विषारी असतात का? लोक स्वतःच सांगतील नाही, धामण नसते, दिवड नसते. मग धामण चावलेला माणूस मंत्र न म्हणता मेला असता का? इथं गप्प बस, घाई करून उत्तर तू देऊ नकोस. आणि विषारी साप सुद्धा दर वेळी विष सोडतोच असं नाही, हे पण सांग, म्हणजे घोणस चावूनही वाचलेल्याचं कोडं सुटेल. मांत्रिक तिथं बसलेला असेल तर त्याला मानानं म्हण, काका मंत्र म्हणा, पण १०८ मध्ये बसून म्हणा. हे वाक्य गावात राहील बघ.

एखाद्या पोराला पुढे बोलाव, साप चावलेला पाय हलू नये म्हणून त्याच्या पायाला बांबूची काठी ओढणीनं कशी बांधायची ते दाखव, घट्ट आवळायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. आकडे फुगवू नकोस, उगाच भीती घालू नकोस, एक गोष्ट खोटी निघाली तर बाकीच्या पण गेल्या. आणि मीटिंगच्या आधी आरोग्य केंद्रात प्रतिविषाचा स्टॉक स्वतः मोजून घे, तुझं ऐकून आलेला पेशंट परत पाठवावा लागला तर तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

तिथली बोली तुला अजून नीट येत नाही, तेव्हा प्रश्न गावातल्या आशा कार्यकर्तीला, आशाताईंना, विचारू दे, तू बाजूला बस. आधी त्यांच्याबरोबर एकदा म्हणून बघ. रविवारी फोन कर आणि पहिला प्रश्न कुठला ठरवलात ते सांग.

तुझी आई