सिस्टर, तुम्ही माझ्याशी बोललात

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. किरणोपचार विभागात उपचार सुरू होण्याआधी ज्यांना तुम्ही समोर बसवून सगळं समजावून सांगितलंत, त्यांना पत्र कुणासाठी आहे ते बरोबर कळेल. मी सांगतोय आणि बायको लिहून घेतेय. शब्द शोधायला मला अजून वेळ लागतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

ऑपरेशननंतर बायोप्सीचा रिपोर्ट आला, ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ. गाठ डाव्या बाजूला होती, त्यामुळे बोलणं अडखळायचं. तेव्हापासून सगळे माझ्याबद्दल बायकोला नाहीतर दादाला विचारायला लागले. ‘यांना झोप लागते का? गोळ्या घेतात का?’ मी शेजारीच बसलेला असायचो. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, गर्दीत पटकन उत्तर हवं असतं. पण आपल्या आजाराच्या बोलण्यातून आपणच बाजूला पडतोय, ही भावना आतून फार खचवते.

तुम्ही पहिल्याच दिवशी खुर्ची माझ्याकडे वळवलीत. ‘रात्री काय त्रास होतो?’ असं मला विचारलंत आणि थांबलात. मला ‘डोकं जड’ म्हणायचं होतं, ‘जड’ काही केल्या येईना. बायको सांगायला पुढे झाली, तर तुम्ही हातानेच तिला थांबवलंत. पेन खाली ठेवलंत. शब्द आला, मग तुम्ही तो लिहिलात. त्या दिवशी मला पुन्हा माणसात आल्यासारखं वाटलं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

मास्कची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. डोकं टेबलाला जखडून ठेवतात एवढंच ऐकलं होतं. तुम्ही कपाटातून एका जुन्या मास्कचा तुकडा काढून माझ्या हातात दिलात. कडक प्लास्टिकची जाळी, भोकाभोकांची. ‘बोट घाला, हवा येते की नाही बघा,’ म्हणालात. मग एकेक पायरी सांगितलीत. ही शीट साधारण 70 अंशांच्या गरम पाण्यात मऊ करतात, पाणी निथळवून चेहऱ्यावर ओढतात आणि नाक, कपाळ, हनुवटीच्या आकाराला दाबून बसवतात. काही मिनिटांत ती कडक होते. ‘गार होताना आवळल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरू नका, तो तसाच बसायला हवा,’ हे वाक्य मी मोल्ड रूममध्ये, म्हणजे मास्क बनवतात त्या खोलीत, मनात धरून पडलो होतो. झालंही अगदी तसंच. आधी ओला, ऊबदार दाब, मग हळूहळू गालांवर ताण आणि शेवटी कडांना खटके लावल्याचा आवाज.

इतकं घट्ट कशाला, हा माझा प्रश्नही तुम्ही टाळला नाहीत. मास्क घालूनच प्लॅनिंग सीटी, म्हणजे उपचारांच्या आखणीसाठीचा स्कॅन होतो, त्यावर एमआरआयचं चित्र जुळवून कुठे किती मात्रा द्यायची ते ठरतं. डोळ्यांच्या नसा आणि मेंदूचा देठ जपायचे असतात, म्हणून काही मिलिमीटरचं हलणंसुद्धा चालत नाही. खुणा मास्कवर करतात, चेहऱ्यावर नाही. पहिल्या सिटिंगला तपासून घ्यायच्या इमेजेसमुळे वेळ जास्त लागतो. किरण दुखत नाहीत. खोलीत आपण एकटे असलो तरी बाहेर कॅमेऱ्यात दिसत असतो, हात वर केला की मशीन थांबवून आत येतात. एकदा मी खरंच हात वर केला. टेक्निशियन लगेच आत आले, खटके काढले, माझा श्वास सावरेपर्यंत थांबले, कुणी घाई केली नाही. त्यांचेही आभार मानायचे आहेत, तुम्ही त्यांना नक्की सांगा.

गोळ्यांचा कागद तर आमच्या घरात सगळ्यांना पाठ झाला. ग्लायोब्लास्टोमाला 6 आठवडे किरणोपचार आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल, ही पद्धत 2005 साली 573 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आल्यापासून रुळली, हे दादाने वाचून काढलं होतं. किरणांची एकूण मात्रा 60 ग्रे (हे किरणांच्या मात्रेचं माप), 30 भागांत, सोमवार ते शुक्रवार. पण शनिवार-रविवारी मशीन बंद असलं तरी कॅप्सूल चालूच ठेवायची, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. कागदावर तुम्ही त्याच ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. उलटीची गोळी आधी, मग रिकाम्या पोटी कॅप्सूल. ती अख्खी गिळायची, उघडायची नाही, चावायची नाही. घेतल्यावर उलटी झाली तरी त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही. फिटची गोळी कुठल्याही कारणाने चुकवायची नाही. स्टेरॉईड सकाळी, म्हणजे रात्रीची झोप उडत नाही, आणि ते आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. दर आठवड्याला रक्ततपासणी, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरू शकतात. ताप 38 अंशांवर गेला, म्हणजे आपल्या नेहमीच्या थर्मामीटरवर 100.4, की सकाळची वाट न पाहता फोन करायचा.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर आम्ही दोघांनी बराच विचार केला. ती इतरांच्या उपयोगाची आहे, म्हणून लिहितो. दादाला बाहेर बसायला सांगून तुम्ही आम्हाला विचारलंत, ‘पुढे मूल हवंय का?’ या केमोने पुरुषाची प्रजननक्षमता जाऊ शकते आणि शुक्राणू गोठवून ठेवायचे तर ते पहिल्या कॅप्सूलच्या आधीच करावं लागतं, हे तोवर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. जीव वाचवण्याच्या धडपडीत हा विषय आम्ही स्वतःहून कधीच काढला नसता. तुम्ही डॉक्टरांशी बोललात, वेळ काढून दिलात आणि आम्ही ते करून घेतलं. पुढे काय होईल ते होईल. निर्णय आमच्या हातात राहिला तो तुमच्यामुळे.

केस किरण जातात तिथलेच गेले, साधारण तिसऱ्या आठवड्यात, तुम्ही म्हणाला होतात तसे. थकव्याबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. तो सुरुवातीला नसतो, शेवटाकडे वाढत जातो आणि उपचार संपल्यावरही काही आठवडे वाढू शकतो, हे तुम्ही आधी बजावलं नसतंत तर आमचा धीर सुटला असता. शेवटची सिटिंग झाली म्हणून घरात आनंद होता आणि मी दिवसदिवस झोपून होतो. गाठ वाढली की काय, या शंकेने आई रडायला लागली, तेव्हा बायकोने तुमचा कागद काढून तिला वाचून दाखवला. उपचारांनंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये कधीकधी किरणांच्या परिणामामुळेच चित्र बिघडल्यासारखं दिसतं, हेही तुम्ही दादाच्या कानावर घातलं होतंत. रिपोर्ट हातात आला तेव्हा तो शांत होता. त्याने आधी डॉक्टरांना गाठलं, मगच आम्हाला सांगितलं.

किती दिवस, हे मी तुम्हाला एकदाच विचारलं होतं. आकडे पुष्कळ लोकांचे मिळून असतात, आणि ते ऐकायचे की नाही, कधी ऐकायचे, हे तुम्ही ठरवा, डॉक्टर सांगतील, असं म्हणालात. मी अजून विचारलेलं नाही. माझं मला ठरवू दिलंत, सिस्टर, त्याबद्दल मनापासून आभार.

आता महिन्यातून पाच दिवसांच्या कॅप्सूल चालू आहेत, मात्रा वाढलेली आहे, त्या आठवड्यात जेवण नको वाटतं. बाकी बरा आहे. तुमच्या कागदाची दादाने मोठ्या अक्षरांत प्रत केली आहे, एका पानावर चारच ओळी, माझ्यासारख्याला वाचता येतील अशा. विभागात देऊन ठेवतोय. नव्या रुग्णांना देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. काही सुटलं असेल तर कळवा, दादा लगेच दुरुस्त करून देईल.

तुमचा कृतज्ञ,
खिडकीजवळच्या खुर्चीतला पेशंट