मागायला १२ वर्षे, मिळायला किती?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातल्या कायदेविषयक लेखात भाडेकरूंबद्दलचा कळवळा वाचला. घर खाली करण्याच्या हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, अंमलबजावणी मागायला मालकाला १२ वर्षे, म्हणजे भाडेकरूच्या डोक्यावर टांगती तलवार म्हणे! लेखकमहाशयांनी दरखास्त, म्हणजे ही अंमलबजावणी मागणारी कोर्टातली कारवाई, कधी चालवलेली दिसत नाही.

१९६३ च्या मुदत कायद्यातली ती १२ वर्षे फक्त दरखास्त दाखल करण्यासाठी आहेत. उशीर झाला तर माफी नाही. हुकूमनाम्यापासून दोन वर्षांनंतर दाखल केली तर आधी भाडेकरूला नोटीस. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालय २०२१ मध्येच सांगून बसले आहे. २०२५ मध्ये त्याच न्यायालयासमोर देशभरातला आकडा आला, ८ लाख ८२ हजारांवर दरखास्ती पडून!

त्यातलीच एक आमची. रविवार कारंजाजवळच्या वाड्यातल्या दोन खोल्या वडिलांना घरच्या गरजेसाठी हव्या होत्या. दावा जिंकले, अपीलही जिंकले, दरखास्त लगेच टाकली. कब्जा वॉरंट, म्हणजे ताबा घेण्याचा आदेश, घेऊन कोर्टाचे बेलीफ आले तर दाराला कुलूप. मग कुलूप तोडण्याच्या परवानगीचा अर्ज, पोलीस बंदोबस्ताचा अर्ज, बंदोबस्ताचे पैसे. हे सगळे एकदाचे जुळले, तर आतून भाडेकरूंचे साडू बाहेर! ‘मागची खोली माझ्या ताब्यात आहे, माझ्याविरुद्ध हुकूमनामा कुठे आहे?’ बेलीफ, पोलीस, पंच सगळे आल्या पावली परत. दावा चालू होता तेव्हा हे गृहस्थ दिवाळीच्या फराळापुरते येत. आता त्यांची हरकत स्वतंत्र दाव्यासारखी चालते आहे; साक्षी, उलटतपासणी, आणि निकालावर पुन्हा अपीलाची सोय. मध्यंतरी वडील गेले. वारस म्हणून आमची नावे लावायलाही तारखा पडल्या.

सगळेच भाडेकरू असे नसतात, हे मान्य. आमच्याच वाड्यातले एक कुटुंब शब्द दिल्याप्रमाणे किल्ली हातात देऊन गेले. पण मालकाच्या मुदतीवर अर्धे पान खर्च करणाऱ्यांनी साडूंच्या मुदतीवर दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या.

आणखी एक. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्याची नोटीस येते, तीही मालकाच्याच नावाने. वाडा तात्काळ रिकामा करावा म्हणून. आम्ही दुसरे काय मागतो आहोत?

आपला,
एक वाडामालक, नाशिक