टायर व टाकाऊ प्लास्टिकपासून इंधन : प्रकल्पासाठी आर्थिक व श्रमरूपी मदतीचे आवाहन

सर्व सभासद, आश्रयदाते व हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची जुन्या टायरांपासून व टाकाऊ प्लास्टिकपासून तेल काढणारी प्रात्यक्षिक भट्टी सध्या बंद आहे. ती आम्ही समजून उमजून बंद ठेवली आहे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. कारण मंडळ थंडावल्याची कुजबुज आमच्याही कानावर येते. वाफ थंड करून तिचे तेल करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या गंजून पातळ झाल्या आहेत, सुरक्षा झडप बदलल्यावाचून गत्यंतर नाही आणि वायू धुऊन घेणारा जुना स्क्रबर अपुरा पडतो. ही तिन्ही कामे झाल्याखेरीज भट्टी पेटवायची नाही, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला आहे. धूर ओकत तेल काढणारे पुष्कळ आहेत. त्यांत आपली भर नको.

नव्या सभासदांसाठी थोडे मागचे सांगणे भाग आहे. चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये रबरात गंधक मिसळून ते तापवले आणि रबर टिकाऊ झाले. परंतु गंधकाने रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना अशा जखडल्या, की टायर वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही. बंद पात्रात, हवेचा शिरकाव होऊ न देता, तो 400 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवला म्हणजे या साखळ्या तुटतात, वाफ निघते आणि ती थंड केली की तेल मिळते. टायरच्या वजनाच्या साधारण 40 ते 45 टक्के तेल, एक तृतीयांशाच्या आसपास कार्बनची काळी पूड आणि उरलेल्यात पोलादी तारा व वायू, असा हिशेब बसतो. हा वायू पुन्हा भट्टीखालीच जाळता येतो, त्यामुळे एकदा पात्र तापले की बाहेरचे इंधन फारच कमी लागते.

हे सारे उभे राहिले ते आपल्याच माणसांच्या जिवावर. बॉयलरवर उभी हयात घालवलेल्या आपल्या ज्येष्ठ सभासदांनी पात्राचा आराखडा एक पैसाही न घेता करून दिला आणि प्रत्येक सांधा स्वतः तपासला. ज्यांच्या वर्कशॉपमध्ये पात्र तयार झाले, त्यांनी केवळ पत्र्याची किंमत घेतली. मजुरीचा विषय काढला असता ते रागावले. तेलाचे उष्मांक मोजण्याचे उपकरण देणाऱ्या प्राध्यापक दांपत्याने नाव छापू नये असे बजावले आहे, म्हणून केवळ कृतज्ञता नोंदवतो. आणि प्लास्टिक निवडणाऱ्या भगिनींचे ऋण तर फिटणारे नाही. पाण्यात टाकल्यावर पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते, हे त्यांनी इतरांना शिकवले. तरीही शंका राहिली तर तांब्याची तार तापवून त्या तुकड्याला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची आणि ज्योत हिरवी झाली की तो तुकडा बाजूला काढायचा. पीव्हीसीतल्या क्लोरीनपासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन नळ्या खाल्ल्या जातात, विषारी डायॉक्सिनांचाही धोका असतो. नुसत्या पॉलिथिनच्या पिशव्या घातल्या तर मेणासारखा थर धरून नळी तुंबते, हेही त्यांनीच प्रथम ध्यानात आणून दिले.

आता थोडे कटू लिहितो. मागील आवाहनाला टायर भरपूर आले, माणसे आली नाहीत. रात्री फाटकाशी टायर टाकून जाणाऱ्यांनी सकाळी एकदा डोकावायला हरकत नव्हती. त्या टायरांत पाणी साचून डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते आणि बोल मात्र मंडळाला लागतो. टायरांच्या ढिगाला आग लागली तर काय होते, ते कॅनडातील हेगर्सव्हिल येथे 1990 मध्ये जगाने पाहिले. एक कोटीहून अधिक टायरांचा तो साठा 17 दिवस जळत होता. म्हणून तूर्त कोणीही टायर आणून टाकू नयेत, ही कळकळीची विनंती. ‘तेल गाडीत घालू का’ असे विचारणाऱ्यांनाही पुन्हा एकदा सांगतो : त्यात सुमारे एक टक्का गंधक असते, ते शुद्ध केल्याशिवाय इंजिनासाठी नाही, धूर शुद्ध करण्याची सोय असलेल्या औद्योगिक भट्टीसाठी आहे.

हवे आहे ते असे : कंडेन्सरच्या नव्या नळ्या, प्रमाणित सुरक्षा झडप, स्क्रबरची टाकी व पंप, पात्रातील हवा घालवण्यासाठी नायट्रोजनची सिलिंडरे, पूड हाताळणाऱ्यांसाठी मुखपट्ट्या व हातमोजे. रोख रक्कम, धनादेश वा वस्तू यांपैकी काहीही चालेल. वस्तू देणाऱ्यांनी आधी मापे विचारून घ्यावीत. रक्कम खजिनदारांकडेच द्यावी व पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. वेल्डिंग जाणणाऱ्यांनी आणि आठवड्यातून दोन तास देऊ शकणाऱ्यांनी कार्यालयातील वहीत नाव नोंदवावे. नळ्यांची मागणी येत्या मासिक सभेपूर्वी नोंदवायची असल्याने निदान त्यापुरती रक्कम तोपर्यंत जमा व्हावी.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)