हिमाचलातल्या स्पितीमधल्या काझाहून पत्र, तंदूरशेजारी बसून

ती. आई-बाबा,
सा. न.

काल नुसतं "पोचलो, बरे आहोत" एवढाच मेसेज गेला, रेंज तेवढीच होती. आज होमस्टेवाल्या काकींच्या तंदूरपाशी बसून नीट टाईप करतेय, तंदूर म्हणजे रोट्यांचा नव्हे, खोलीच्या मधोमध असतो तो लाकडं घालायचा पत्र्याचा शेगडा. आख्खं घर हिवाळ्यात या एकाच खोलीत राहतं.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत की 2020 ला अटल बोगदा झालाय तर मनालीवरून का नाही गेलात. बोगदा लाहौलात सोडतो हो, पण तिथून काझाला यायला कुंझुम खिंड लागते, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि ती हिवाळाभर बंद. म्हणून शिमला, रामपूर, पिओ (रेकाँग पिओ), नाको, ताबो असं चारशेवर किलोमीटर बाईकवरून फिरून यायचं. किन्नौरात रस्ता अक्षरशः कड्यात खोदलाय, डोक्यावर दगड आणि खाली सतलज. मला तर बर्फापेक्षा तिथेच जास्त धडकी भरली.

आणि बर्फाचं म्हणाल तर ताजा बर्फ परवडला, टायर थोडा तरी धरतो. वाईट ते सावलीतलं वळण. दिवसा डोंगरातून पाणी झिरपून रस्त्यावर येतं, रात्री गोठतं आणि सकाळी बघाल तर नुसतं डांबर ओलं झाल्यासारखं दिसतं. नाकोच्या अलीकडे असा पट्टा लागला तेव्हा प्राचीने उतरून आधी बुटाने चाचपलं, मग मी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली टेकवत, पुढच्या ब्रेकला बोटसुद्धा न लावता, आणि ती मागून कॅरिअर धरून चालतेय, असं करत पार केलं. मग तिची गाडी, तसंच. मागून आलेला ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबून राहिला, पुण्यात कोणी थांबेल का सांगा! रील्समध्ये हे काही दिसत नाही, तिथे सगळे हात सोडून चाललेले असतात. आम्ही दहाच्या आधी निघत नाही आणि चारला जिथे असू तिथे मुक्काम, कारण ऊन डोंगराआड गेलं की पाच मिनिटांत बोटं बधिर. लोकरीच्या ग्लोव्ह्जच्या आत भांडी घासायचे रबरी घालते, वारा लागत नाही.

रात्री उणे वीसच्या आसपास जातं. बॅटरी काढून खोलीत आणतो, तुमच्या राजदूतसारखी किक कुठेय आमच्या गाडीला. पेट्रोलला काही होत नाही पण डिझेल घट्ट होतं, शेजारचा पिकअपवाला रोज सकाळी टाकीखाली जाळ करतो, तो निवांत असतो, पोटात गोळा माझ्या येतो.

आई, खाण्याचं विचारशीलच. थुक्पा म्हणजे नूडल्सचं सूप, राजमा-भात, आणि मीठ-लोणी घातलेला चहा, तो मला नाही जमला, प्राची तीन-तीन कप पिते. तुझे मेथीचे लाडू गोठून दगड झाले होते, तंदूरवर ताटलीत ठेवले तर तूप सुटून डिंकाचा वास खोलीभर, काकींनी दोन खाल्ले आणि कृती विचारली. डिंक कसा तळायचा ते व्हॉइस नोट करून पाठव, हिंदीत बोल. नळ गोठलेले असतात त्यामुळे पाणी बादलीने आणतो, आंघोळीचं विचारू नकोस.

परवा ताबोचा गोम्पा म्हणजे बौद्ध मठ बघितला, 996 सालचा, बाहेरून मातीच्या भिंती आणि आत अंधारात टॉर्च मारला की भिंतभर रंगवलेले बुद्ध. फोटो काढायला बंदी आहे, म्हणून तुम्हाला पाठवले नाहीत.

उद्या ऊन असेल तर परत निघू, पिओला पोचल्यावर फोन करते. मधे लागला नाही तर रेंज नाही एवढंच समजा, प्राचीच्या आईला फोन करून दोघी मिळून रडू नका. आणि बाबा, विम्याचा हप्ता मी पिओहून ऑनलाइन भरते, तुम्ही गुडघा घेऊन बँकेचे जिने चढू नका.

तुमची,
मनू

ता. क. माझे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, जोशीकाकू लग्नाचं काढतील.