नाईट उतरून आल्यावर अर्ज देऊ नकोस

नवीन सिडको, नाशिक
सोमवार, पहाटे साडेपाच

चि. माऊ हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद.

तू हॉस्पिटलमधून पावणेनऊला घरी येशील तेव्हा मी कंपनीत असेन. फोनवर तू नुसतं "हो पप्पा" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहून ठेवतोय. चहा गरम करून घे आणि बसून वाच.

फ्रीजवरच्या फाईलमधला तुझा अर्ज मी पाहिला. वैयक्तिक कारणास्तव पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश रद्द करावा, मूळ कागदपत्रं परत मिळावीत. खाली तारीख आजची. अर्ज मी फाडलेला नाही, होता तिथेच आहे. तो आज देऊ नकोस, एवढं एकच सांगायला हे पत्र.

शनिवारी मला सुट्टी होती. तू आलीस, चपला काढल्यास आणि युनिफॉर्मवरच स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसलीस. मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं केलंस आणि गणित मांडलंस. 500 मिलीची सलाईन, आठ तासांत द्यायची, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला 20 थेंबांचा. मिनिटाला थेंब किती? 500 गुणिले 20, दहा हजार. भागिले आठ, साडेबाराशे. खोडलंस. परत मांडलंस, परत साडेबाराशे. तिसऱ्या वेळी पेन इतकं दाबलंस की कागद फाटला. मग म्हणालीस, "क्लिनिकलला, वॉर्डात, मॅडमनी सगळ्या बॅचसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर हेच विचारलं. तीन वर्षं जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा केला, दोन वर्षं रोज सलाईन लावतेय, आणि मला थेंब काढता येत नाहीत. पप्पा, माझी लायकीच नाही."

मला तुमच्या औषधांतलं काही कळत नाही, पण लेथ मशीनवर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, काढण्यात माझी तीस वर्षं गेली. तुझं तासांची मिनिटं करायचं राहिलं होतं, हे मला लांबून दिसत होतं. तेव्हा बोललो नाही, कारण तेव्हा काहीही सांगितलं असतं तरी तुला लागलं असतं. दहाला झोपलीस ती सहाला उठलीस. चहाच्या वेळी तोच कागद पुढे सरकवला. तू पेनसुद्धा उचललं नाहीस. "आठ तास म्हणजे 480 मिनिटं. वीस पूर्णांक आठ. एकवीस थेंब." आणि मग त्या फाटक्या कागदावरचं स्वतःचं अक्षर बघत बसलीस.

सकाळी नऊची तू आणि संध्याकाळी सहाची तू, मधे फक्त आठ तासांची झोप होती. अर्ज मात्र सकाळच्या तू लिहिलास.

आता माझं ऐक. हे तुझ्या आईलाही मी कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

साल 1997. तुझा जन्म व्हायचा होता. मी सातपूरला एका कारखान्यात तिसऱ्या पाळीला होतो आणि संध्याकाळी मेकॅनिकलचा पार्टटाइम डिप्लोमा करत होतो. चार वर्षांपैकी अडीच झाली होती. मॅथ्स दोनदा राहिलं होतं. एका रात्री माझ्या हातून शाफ्ट मापापेक्षा बारीक झाला, जॉब रिजेक्ट. सुपरवायझरनी सगळ्या पाळीसमोर उभं करून सुनावलं. सात वाजता सुटलो तो घरी न जाता सरळ कॉलेजला गेलो. ऑफिस दहाला उघडायचं. तीन तास पायऱ्यांवर बसून राहिलो. तिथले क्लार्क भले माणूस. माझे डोळे बघून म्हणाले, "झोपून या. अर्ज उद्या द्या." मी त्यांच्यावरच चिडलो. टीसी हातात घेऊनच बाहेर पडलो.

घरी आलो, न जेवता झोपलो. संध्याकाळी साडेपाचला जाग आली, तसे सवयीनं पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागलो, सहाचं लेक्चर होतं म्हणून. एक चप्पल पायात गेली आणि मग आठवलं.

दुसऱ्या दिवशी परत जाता आलं असतं. गेलो नाही, काय तोंड दाखवू म्हणून. ती टीसी अजून लोखंडी कपाटात, लाइट बिलांच्या फाईलमध्ये आहे. बरोबरची मुलं पुढे गेली, त्याचं मला वाईट वाटत नाही, आपलं काही अडलं नाही. पण कॉलेज सोडायचं की नाही यावर शुद्धीत असताना मी एकदाही विचार केला नाही, ते मला अजून टोचतं. ते जागरणानं ठरवलं, मी फक्त सही केली.

तूच मला मागे वाचून दाखवलं होतंस, 1997 मध्येच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं होतं की सलग 17 तास जागा असलेला माणूस इतका चुकतो, जणू त्याच्या 100 मिली रक्तात 50 मिलीग्रॅम दारू आहे. आपल्याकडे 30 च्या वर गेलं की गाडी चालवणं गुन्हा. आणि तू? संध्याकाळी सातला उठून ड्युटीला जातेस, रात्रभर जागून साडेनऊला कॉलेज गाठतेस आणि पाचला अंथरुणाला पाठ टेकतेस. बावीस तास. आठवड्यातून चारदा. त्या अवस्थेत मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधून गाडी काढतेस. मॅडमच्या बोलण्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. पोरी, साडेसहाच्या पुढे मी मशीनवर उभा असतो आणि पावणेनऊला तुझा "पोचले" असा मेसेज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मॅडमचंही बोलतो. त्यांनी नातेवाइकांसमोर बोलायला नको होतं. चूक बाजूला घेऊन सांगता येते. ते तुला लागलं यात तुझं काही चुकलं नाही. तुला पाठ्यनिर्देशिका, नर्सिंग शिकवणारी मॅडम, व्हायचंय ना? तेव्हा तुझ्या समोरची मुलगी रात्रपाळी करून आलेली असेल, तर तुला ते कुणी सांगावं लागणार नाही. आजी सिव्हिलला ॲडमिट असताना त्या सिस्टरनी ओल्या गरम फडक्यानं तिचा हात शेकून पहिल्याच खेपेला शीर शोधली होती. तू दहावीत होतीस. घरी येऊन आठवडाभर आईच्या हाताला फडकी बांधत होतीस. ते मी विसरलेलो नाही.

आता व्यवहाराचं. तुझ्या पगारातले सहा हजार घरात येतात, ते या महिन्यापासून बंद. आईशी बोललोय. हप्ता मी ओव्हरटाइमवर ओढीन, वर्षभराचाच प्रश्न आहे. त्यामुळे आठवड्याला चारऐवजी तीन नाईट चालतील का, हे इनचार्ज सिस्टरना विचार. आणि त्या सलग माग, एक सोडून एक नको. तिसऱ्या पाळीवरून एकदम पहिलीवर आलं की काय होतं ते माझ्या अंगानं भोगलंय. शरीराला रात्र कुठली नि दिवस कुठला तेच कळत नाही. तुझ्या खोलीच्या खिडकीला मी काल जाड काळा कागद लावलाय. भाजीवाल्याला सांगितलंय, आपल्या दारापुढे ओरडू नको म्हणून. शेजारच्या काकूंचा मिक्सर मात्र माझ्या हातात नाही.

आज कॉलेजला जाऊ नकोस. टाइमटेबल बघितलं मी, आज सगळी थिअरी आहे. थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि तुझी त्याच्या वर आहे. प्रॅक्टिकल पूर्ण भरून द्यावं लागतं, पण ते गुरुवारी आहे. पोळी-भाजी झाकून ठेवलीय, खाऊन झोप. फोन आईकडे दे.

मी चारपर्यंत येतो. तू आपोआप उठशील तेव्हा उठ, मी हाक मारणार नाही. जेवण झाल्यावर अर्ज समोर ठेवून दोघं बसू. उद्याची सुट्टी मी टाकतोच. तेव्हाही तुला सोडायचंच असेल तर तुझ्याबरोबर कॉलेजात येतो आणि पालक म्हणून खाली सही करतो. मी एका शब्दानं अडवणार नाही.

रात्री ड्युटीला मीच सोडीन. सकाळी आठला गेटबाहेर रिक्षा स्टँडपाशी थांब, घ्यायलाही मीच येतो.

तुझे
पप्पा